देव्हाऱ्यातली बाटली

मारुंजी, रविवार संध्याकाळ

आज सासूबाईंनी वाईनच्या बाटलीला हळदकुंकू लावलं आणि ती सरळ देव्हाऱ्यात ठेवली!

वरच्या खोलीतली आमची भाडेकरू ऋतुजा गावाहून, दिंडोरीहून, घेऊन आली होती. तिच्या वडिलांच्या नव्या बागेच्या पहिल्या द्राक्षांची पांढरी वाईन. सासूबाईंनी 'पहिल्या' एवढंच धरलं. "मंग आदी देवाला दावायचं, पोरी."

मी हळूच म्हटलं, "अहो, दारू आहे ती."

"असू दे. रानातलंच हाय न्हवं?"

दिवा लागल्यावर त्यांनी पळीने आमच्या तळहातावर तीर्थासारखी वाढली. गार, आंबट, कच्चा पेरू चावल्यासारखी करकरीत. दात शिवशिवले. ऋतुजा म्हणाली, तिकडे दिवसा ऊन आणि रात्री थंडी, म्हणून आंबटपणा टिकतो. द्राक्षंही उजाडायच्या आत, गार असतानाच तोडतात. इकडच्या पावसात वेल कुजूनच जाईल.

इकडे भात व्हायचा. नव्या तांदळाची पहिली मूठ सासूबाई देवापुढे ठेवायच्या. त्या खाचरावर आता ही भाड्याची इमारत आहे. दुकानातला तांदूळ त्यांनी कधीच ठेवला नाही. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

बाटलीवरचं कुंकू ओघळलंय. पुसवत नाही.

ऋतुजा जिना चढत होती, तेव्हा सासूबाई खालून म्हणाल्या, "पुढल्या सालीबी आणशील न्हवं? आमच्या देवाला आता दुसरं कोण हाय?"