काळ्या गाडीवरचे ओरखडे

कराड,
रविवार

प्रिय दादा,

तुझी गाडी झाली. तीन दिवस लागले. तू सहा फोटो पाठवलेस, प्रत्येकावर लाल गोल काढून, आणि खाली हुकूम: ‘इथं बघ’, ‘इथं पण’. सहाही ठिकाणचं काम केलं आहे. आबा कसे आहेत, हे मात्र सहातल्या एकाही निरोपात तू विचारलं नाहीस. ते वाचताना मला तुझी शिसारी आली. हाताखालच्या जवानांना बोलतोस तसं बहिणीला बोललास तर मी ऐकून घेते, लहानपणापासून सवय आहे. पण शिसारी आली ती आली. फोनवर लिहिलं असतं तर अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला.

आधी गाडीचं सांगते, कारण बाकीचं वाचायच्या आधी तू तेच शोधशील. शेजारच्या तानाजीनं कुंडलहून ती आणून सोडली तेव्हा तिच्यावर साखर कारखान्याची काजळी बसली होती. धुतली, मग मातीचा खास गोळा येतो तो ओल्या रंगावर फिरवून चिकटलेला कण न् कण काढला. वाळल्यावर जवळून दिवा धरला आणि सगळे ओरखडे दिसले. सगळे गोल. आबांचा हात जसा फिरतो तसे. दारांवर मोठे आणि टपावर अर्धेच, कारण त्यांचा हात तिथे पोचत नाही. कडांना पट्ट्या चिकटवल्या, मशीनच्या तोंडाला स्पंज लावला, त्यावर पॉलिशचे चार ठिपके, आणि मशीन सपाट धरून सावकाश, आधी उभं मग आडवं. घाई केली की रंग तापतो. लोकांना वाटतं आम्ही ओरखडे भरतो. भरत नाही. वरचा पारदर्शक थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणतो. म्हणजे दर वेळी गाडी थोडी झिजते, आणि असं काम या गाडीवर आणखी फार वेळा करता येणार नाही. डिकीवर एक ओरखडा राहिला आहे. त्यात नख अडकतं. तो काढायला गेले तर रंगच जाईल, म्हणून नुसता बोथट केला.

या धंद्यात घाण मी काही कमी बघत नाही. दारावर गुटख्याचे वाळलेले ओघळ, सीटखाली लग्नातल्या जेवणाचं नासलेलं काहीतरी, आणि वर गिऱ्हाईक नाकानं कांदे सोलतं की बॉनेटवर एक डाग राहिला. जयराज म्हणतो, बायकोच्या दुकानात येऊन मीपण नाक मुरडायला शिकलो. पण ती घाण पाण्यानं जाते. तू शिवरात्रीला आपल्या दारात जी केलीस ती जात नाही. मशीन फिरवताना तीन दिवस माझ्या कानात तेच होतं.

ऊन वर आलं होतं. भाऊकीतली चार माणसं ओट्यावर चहाला बसलेली. तू रजेवर आलास म्हणून मी आणि जयराजही आलो होतो. तू गाडीवरचं कापड ओढलंस आणि काळ्या रंगावर ऊन पडताच सगळे गोल उठून दिसले. तू ओरडलास, ‘आवं आबा, म्हस हाय व्हय ही? कशानं घासली?’ आबा म्हणाले, ‘काजळी लय पडतीया रं राजा. दर रविवारी धुतली. तुजी गाडी म्हणून.’ मग तू माझ्याकडे वळलास. ‘तूच सांग, तुझा धंदाच हाय. ह्ये कशानं होतं?’ मी म्हणाले, काहीतरी खरखरीत लावल्यानं. तेव्हा आबांनी गोठ्यातली नारळाची शेंडी आणून दाखवली, म्हशी घासायची. दाखवली रे त्यांनी, लपवली नाही. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, ‘तुमी म्हशीच राखा. तुमची लायकी तेवढीच.’  मग तू बशीत चहा ओतलास, फुंकलास आणि प्यायलास. तो फुर्रर आवाज मला अजून ऐकू येतो. ज्या बापानं तुला लहानपणी खांद्यावर बसवलं, मोठेपणी सैन्यभरतीच्या मैदानापर्यंत पोचवलं, त्याला तू हे बोललास आणि तुझ्या घशाखाली चहा उतरला.

आई म्हणते, त्या दिवसापासून आबा पुढच्या दारानं येत-जात नाहीत. गोठ्याकडून वळसा घालून शेताला जातात. म्हशी धुतानासुद्धा शेंडी हातात घेत नाहीत, नुसतं पाणी ओततात. आईनं विचारलं तर म्हणाले, ‘त्यास्नी तरी कशाला वरबडायचं.’

शुक्रवारी सकाळी ते एसटीनं कराडला आले. एकटे, कुणाला न सांगता. दुकान उघडून मला दहा वर्षं झाली, आबा पहिल्यांदाच आले, तेही तुझ्या गाडीसाठी. हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. दारातच उभे राहिले. ‘जातंय का गं?’ एवढंच विचारलं. मी ड्रायव्हरचं दार अर्धं केलं होतं, अर्धं तसंच होतं. दोन्ही दाखवलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ते पार नाक टेकवून बघत राहिले, आणि सगळा वेळ दोन्ही हात पाठीमागे धरून. मी म्हटलं, हात लावून बघा आबा, गुळगुळीत झालंय. ते दोन पावलं मागे सरकले. ‘नगं. माजा हात खरबरीत हाय.’

मी मशीन बंद केलं आणि मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. त्या वेळी मला तुझी नाही, माझी किळस आली. आता ते सांगते.

भाऊबिजेला तुला रजा नव्हती, तरी मी माहेरी आले होते. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर आबा गाडी धूत होते. बादलीत कपड्याची पावडर, हातात शेंडी. ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. पाणी आहे तोवर गाडी झगझगीत. ‘बग संयू, राजाची गाडी कशी दिसतीया,’ ते म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काय होतंय हे मला पहिल्याच हाताला कळलं होतं. ‘थांबा आबा’ एवढं म्हणायचं होतं, आणि एक मऊ फडकं द्यायचं होतं. तसली शंभर फडकी माझ्या दुकानात आहेत. मी ते म्हटलं नाही. शेजारी माझी स्कूटी चिखलानं बरबटून उभी होती. तिच्यावर त्यांनी कधी तांब्याभर पाणी ओतलेलं नाही. मी मनात म्हटलं, घासा. चांगली घासून काढा राजाची गाडी. आणि चहा संपवून आत गेले. पुढचे किती रविवार ती तशीच घासली गेली असेल, याचा मी विचारही केला नाही. शिवरात्रीला तू मला साक्षीला ओढलंस तेव्हा खरं सांगायची दुसरी संधी होती. तेव्हाही मी जाणकाराचा आव आणून फक्त कारण सांगितलं. तू आबांना बोललास, पण ती शेंडी त्यांच्या हातात मीच राहू दिली होती. आपण दोघंही एकाच लायकीचे आहोत, दादा. तू तोंडानं घाण केलीस, मी गप्प बसून.

त्या दिवशी दुपारी आबांना स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. भाऊबिजेचं, स्कूटीचं, सगळं. रागावले असते तर बरं झालं असतं. एसटी लागली होती. ते पायरीवर चढले, मागे वळून माझ्या डोक्यावर हात ठेवणार होते बहुतेक, पण ठेवला नाही, पुन्हा मागे घेतला. म्हणाले, ‘ह्ये राजाला सांगू नगंस. तुज्यावर चिडंल त्यो.’ आणि आत जाऊन बसले. म्हणून तुला हे पत्र. चीड, दादा. आबांना जेवढं बोललास तेवढं मला बोल, त्याच ओट्यावर, त्याच माणसांसमोर बोल. तुझं त्यांनी एकट्यानं ऐकून घेतलं, आणि आता माझं पापही स्वतःच्या पोटात घालायला निघाले आहेत. ते मी होऊ देणार नाही.

तुझीच, जशी आहे तशी,
संयू