मरणाची सरासरी

नांदुरा. पौष वद्य पंचमी, मंगळवार.

जावईबापू नागपुरात संख्याशास्त्र शिकले. संक्रांतीला म्हणून आले ते माझ्या कापडाच्या दुकानातच बसले, कानामागे पेन्सिल खोचून. कफनाचं कापड किती भरून ठेवायचं, याचं गणित मांडलं त्यांनी. "मामाजी, गिऱ्हाईक केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण सरासरी काढता येते. कापड पडून राहिलं तर एक तोटा, गिऱ्हाईक परत गेलं तर दुसरा. दोन्हींचा मेळ घालायचा."

म्हटलं, बापू, या कापडाचं गिऱ्हाईक आजवर परत गेलं नाही. संपलंच तर धोतराचं पान फाडून देतो. त्यांनी मान हलवली, मास्तर ढ पोरापुढे हलवतो तशी. या अकलेला पदवी देतात?

दुपारी मागच्या गल्लीतला गणपत आला. त्याची आई सकाळी गेली. मी कापड फाडत होतो, तेवढ्यात बापूंनी पेन्सिल काढली आणि विचारलं, "घरात आणखी कोणी आजारी आहे का?"

गणपत माझ्याकडे पाहतच राहिला. "काय म्हणून राह्यले हे, शेठ?"

"काही नाही बाबा. तू जाय घरी."

या गिऱ्हाइकाला आम्ही 'परत या' असंसुद्धा म्हणत नाही. पण बापूंना अंदाज हवा होता म्हणे. गणित अडलं होतं त्यांचं.

आत्ता जेवताना मला खोकल्याची उबळ आली. पोरगी पाणी आणायला धावली. जावईबापूंचा हात कानामागे गेला.