खडकाजवळच्या शांत पाण्याबद्दल

अहो,

खाडीपलीकडच्या पोलीस चौकीतून फोन आला, म्हणून पहिल्या बोटीने जातेय. तिथे किनाऱ्याला एक टीशर्ट लागलाय, तो बघायला बोलावलंय. तुम्ही आपल्या धाकट्याला शोधायला होडी घेऊन गेलेले, फोन लागेना. थांबले नाही. थांबले असते तर तुम्ही म्हणाला असतात, टीशर्ट काय, कुणाचाही असतो.

जेवण झाकून ठेवलंय. चार घास खा, नुसते ताटाकडे बघत बसू नका.

दुपारी नवे पाहुणे येतील. समोरची खोली द्या, चादरी बदलल्यात. समुद्र दिसला की ते सामान टाकून पळत सुटतील, त्याआधी अंगणातच त्यांना नेहमीचं सांगा. लाल झेंडा असेल तर पाऊलही भिजवायचं नाही. खडकाजवळ लाटा फुटत नाहीत, पाणी काचेसारखं दिसतं, पण आत खेचणारी ओढ तिथेच आहे. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे यायची झटापट करू नका, अंग सैल सोडा, तरंगत राहा, हात वर करा. आपल्याला पोहता येतं म्हणणाऱ्याला दोनदा सांगा.

धाकट्यालाही हे सगळं तोंडपाठ होतं. तुम्हीच करून घेतलं होतंत. त्याने त्यातलं काहीच चुकवलं नसणार, अगदी तसाच हात वर करून तरंगत राहिला असणार.

म्हणून शेवटचं तेवढं, 'घाबरू नका, कोणीतरी येतंच', हे आजपासून पाहुण्यांना सांगू नका.