बत्तीस वेळा चावलेली काकडी

घरच्या डॉक्टरीणबाईंना नवऱ्याचा दुरूनच दंडवत,

हो, मटण बंद आहे, अंडंही बंद. डब्यात डाळ, पालेभाजी आणि काकडी. तू बजावल्याप्रमाणे प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतो, मनात मोजून. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, तेवढ्यात माझी काकडीच संपते. त्यात मुकादम नेमका सत्ताविसाव्या आकड्याला विचारतो, "काय शेठ, चरून झालं का?" उत्तर दिलं की आकडा चुकतो, मग मी पुन्हा एकपासून सुरू करतो. हल्ली तोच माझ्या डब्यातली काकडी पळवतो.

चिरंजीव पालेभाजी खातात का? आईंचे गुडघे कसे आहेत?

माझी काळजी करू नकोस. आज कंपनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि म्हणाले, "छान उतरलाय. उद्यापासून पुन्हा क्रेनवर चढा."

अरे देवा! चक्कर आल्यामुळे तीन आठवडे मला खालीच बसवलं होतं, हे तुला कळवायचं नव्हतं. आता खोडलं तर तुला जास्तच संशय येईल, म्हणून राहू देतो.

रागाव, पण आधी सावकाश बत्तीस आकडे मोज. मधेच कोणी काही विचारलं, तर पुन्हा एकपासून.

तुझाच,
उद्यापासून वर बसणारा