साडेतीन मिनिटं

४ फेब्रुवारी

चि. चिमण्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. प्रयोगशाळेत मफलर गुंडाळून बसतोस हे वाचून हसू आलं. एवढा संशोधक झालास, पण कान मात्र तेवढेच नाजूक! आई बरी आहे. चष्मा शोधायला चष्मा लागतो म्हणते.

इकडे एक गंमत झाली. एकाच पॉलिमरचे नॅनोकण मी दोन तऱ्हांनी केले, भरीव आणि पोकळ. रसायन तेच, निळा दिवा तोच. भरीव कण उजेडात नुसते फुगतात. आतल्या साखळ्या इतक्या दाटून बसलेल्या की हलायला जागाच नाही. पोकळ कण मात्र फुटतात आणि पोटातलं औषध सोडतात. काल साडेतीन मिनिटांत फुटले! डोळ्यात कण सोडायचे आणि बाहेरून उजेड दाखवायचा, हे माझं जुनं वेड तुला ठाऊकच आहे. एकदाच मोजलंय, म्हणून इथे कुणाला बोललेले नाही. तू पहिला.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पत्राचं खतपाणी घाल.
तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

साडेतीन मिनिटं! वाचून खुर्चीतून उठलोच. आता भाव खाऊ नकोस. दिवा किती अंतरावर होता, कणांची भिंत किती जाड, सगळं कळव. माझे पोकळ कण धड तयारच होत नाहीत, तेव्हा पुन्हा तुझ्याकडे शिकवणी लावतो. आमचे विभागप्रमुख म्हणाले, ऑगस्टअखेर शोधनिबंध नसेल तर टेबल रिकामं करा. काळजी करू नकोस, काहीतरी जमेल.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा चिमण्या

९ सप्टेंबर

चि. चिमण्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला. खोडलेला नाही.

तुझा निबंध आमच्या ग्रंथालयात वाचला. दिव्याचं अंतर, भिंतीची जाडी, मी पत्रांतून कळवलेलं सगळं त्यात आहे; माझं नाव मात्र आभारातसुद्धा नाही. तीनदा प्रयोग केला आणि तिन्ही वेळा साडेतीन मिनिटं आली, असं लिहिलंयस.

तो आकडा चुकीचा आहे. उजेड लागू नये म्हणून कणांच्या कुपीभोवती मी गुंडाळलेल्या फॉइलला तळाशी नखाएवढी चीर होती. कुपी दोन दिवस खिडकीशी उभी होती, त्यामुळे कण आधीच अर्धे उसवले होते. नीट झाकलेल्या कुपीला अकरा मिनिटं लागतात, दर वेळी. म्हणजे तू एकदाही दिवा लावला नाहीस.

काय ते कळव.
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

नाही लावला. हातात दोन महिने उरले होते आणि तुझी पत्रं टेबलावर होती. तुझं नाव घातलं असतं तर मी काय केलं, असं सगळ्यांनी विचारलं असतं. तुझी नोकरी पक्की आहे, ताई. तुझं असं काय गेलं? चीर तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. नेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने मला बोलावलंय. पुढच्या वर्षी रुग्णांवर करून पाहणार आहेत, साडेतीन मिनिटांचा दिवाही बनवायला दिलाय. तोवर आकडा हळूच सुधारीन. तू गप्प राहा, एवढंच मागतो.

रागावलीस तरी माझीच आहेस.
चिमण्या

२ ऑक्टोबर

चि. चिमण्यास,
अ. उ. आ.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

माझं काय गेलं, ते तुला कळत नसेल तर सांगून उपयोग नाही. पण माझ्या वाट्याचंही लिहायला हवं. ती चीर मला मार्चमध्येच दिसली होती. तुला कळवलं नाही. आईच्या तपासण्यांची धावपळ होती, असं स्वतःला सांगत राहिले. खरं कारण लाज. कुपी कशी गुंडाळायची हे तुला मीच शिकवलं होतं. वेळेवर लिहिलं असतं, तर तू निदान खरा आकडा चोरला असतास. हे मनातून जात नाही. तरी चोरी तुझीच.

तो दिवा साडेतीन मिनिटांनी विझेल, औषध कणातच राहील आणि रुग्णाला वाटेल उपचार झाला. म्हणून गप्प बसणार नाही. सोबत एक कुपी आहे. पडदे ओढ, दिवा लाव आणि अकरा मिनिटं समोरून हलू नकोस. मग संपादकांना आणि त्या डॉक्टरांना तूच लिही. पंधरा तारखेपर्यंत लिहिलं नाहीस तर मी लिहीन. माझा मार्च त्यात असेल.

दिवा लावण्याआधी फॉइलचा तळ बघ. मी दोनदा पाहिलाय. तरी बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.
ताई