कडकड थांबल्यावर

बैरूत, मंगळवार, २४ नोव्हेंबर २००९

प्रिय रंदा,

रविवार, ८ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून एकवीस मिनिटं. त्या मिनिटाला तू माझं बोलणं अर्ध्यात तोडून कॉम्प्युटरवरचा फोन बंद केलास. घड्याळ माझ्यासमोर होतं, म्हणून वेळेबद्दल वाद नको. मी तुला विचारत होते की तिथे थंडी सुरू झाली का. तू म्हणालीस, "ममा, तुझा आवाज फार कडकडतोय, मला काही ऐकू येत नाही. आधी तुझं मशीन दुरुस्त करून घे, मग बोलू." आणि गेलीस. आज सोळा दिवस झाले. मी एकोणतीस वर्षं वर्गात फ्रेंच शिकवलं, माझ्या तोंडावर दार आपटायची हिंमत एकाही मुलीने केली नाही. माझ्या पोटच्या पोरीने केली.

पहिले दोन दिवस मी नुसती चिडलेली होते. चिडणं मला जमतं, त्यात माणसाला बरं वाटतं. तिसऱ्या दिवसापासून मात्र मला भीती वाटायला लागली आणि ती अजून गेलेली नाही. मी फोन लावते, तो वाजत राहतो. मग तासाभराने निरोप येतो: "आम्ही दोघेही ठीक आहोत. प्रकृतीची काळजी घ्यावी." रंदा, तू मला जन्मात कधी 'प्रकृतीची काळजी घ्यावी' म्हणाली आहेस? तू म्हणतेस, "ममा, गोळी घेतलीस का, की पुन्हा कुंडीत टाकलीस?" असे चार निरोप आले. चारही मला एखाद्या कचेरीतून आल्यासारखे वाटले.

तेव्हा मी तू सांगितलेलं केलं. मशीन दुरुस्त करायला घेतलं. कडकड होतीच, मी नाकारत नाही. त्या रविवारी पहिल्यांदा मीच तुला म्हणाले होते की स्पीकरमधून लाह्या फुटल्यासारखं ऐकू येतंय. सरकारी वीज जाऊन जनरेटरची आली की हे सुरू व्हायचं. तुला माहीत आहे, या शहरात माझ्या वयाच्या बाईला असला आवाज ऐकू आला की ती आधी खिडकीपासून लांब सरकते आणि मग विचार करते. मी खरोखरच दोनदा भिंतीच्या आड जाऊन उभी राहिले. स्पीकरला घाबरून! एमिली तिसऱ्या मजल्यावरून आली आणि हसत म्हणाली, "जॉर्जेट, युद्ध संपलंय गं, तुला कुणी कळवलं नाही का?"

बुर्ज हम्मूदहून वार्तान आला, ज्याचे वडील आपला रेडिओ दुरुस्त करायचे, तो. मी त्याला दारातच सांगितलं, "तुमच्या वडिलांनी माझा रेडिओ तीन महिने अडकवून ठेवला होता. तुम्हाला मी तीन तास देते." तो म्हणाला, "मादाम, या इमारतीत वीज येते हाच चमत्कार. ती स्वच्छही हवी म्हणताय, म्हणजे तुमची श्रद्धा दांडगी." त्याने स्पीकरची तार बदलली. कडकड तशीच. साउंड कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा घातला. थोडा फरक पडला, मग पुन्हा तेच. कार्ड उपसून, पुसून दुसऱ्या खाचेत बसवलं. मला वाटलं आता झालं, तेवढ्यात सरकारी वीज गेली, खाली जनरेटर धडधडला आणि लाह्या पुन्हा फुटायला लागल्या.

मग त्याने भिंतीतला प्लग उपसला आणि कपाळाला हात लावला. प्लगचा तिसरा खिळाच नव्हता. तुझ्या बापाने तो करवतीने कापला होता, कारण भिंतीला भोकं दोनच. अख्ख्या गल्लीत सगळ्यांनी तेच केलंय, आणि केल्याबद्दल एकमेकांची पाठ थोपटली आहे. वार्तान म्हणाला, "मादाम, ही अर्थिंगची तार. नको असलेली वीज जमिनीत सोडते. ती कापली, मग तो सगळा कचरा कार्डातून तुमच्या कानात जाणारच." मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला नावं ठेवू नका, तो वारलाय." तो म्हणाला, "मी प्लगला नावं ठेवतोय." स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटला खरी अर्थिंग आहे, तिथून त्याने तार ओढली. जनरेटर चालू असताना स्पीकर लावले. आवाज नाही. खालचा जनरेटर तेवढा ऐकू येत होता.

इथे मला तुला एक कबुली द्यायची आहे. आपले रविवारचे फोन मी कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवते. मधल्या दिवसांत भाजी निवडताना पुन्हा ऐकते. हे चोरटेपण आहे, आमच्या शाळेतल्या नन्सनी मला गुडघ्यांवर बसवलं असतं. पण म्हाताऱ्या बाईला आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलगी पुरत नाही. वार्तानला तपासायला काहीतरी आवाज हवा होता, म्हणून मी ८ तारखेचा फोन लावून दिला. सगळं स्वच्छ होतं. तुझा आवाज, माझा आवाज, काचेसारखे. तो म्हणाला, "बघा, आत काही बिघडलं नव्हतं. कडकड फक्त तुमच्या स्पीकरमध्ये होती. तुमचा माइक कॅमेऱ्यातला आहे, त्याचा या कार्डाशी संबंधच नाही. तुमच्या मुलीला तुमचं बोलणं नीट ऐकू येत होतं, मादाम."

त्याला वाटलं, मला आनंद होईल.

उन्हाळ्यात तू आली होतीस तेव्हा भांडी पुसता पुसता म्हणालीस, "नबीलला लवकर राग येतो." मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाले, "नवरा आहे, कामावरून दमून येतो, जेवण वेळेवर वाढ. आणि घरातलं बाहेर सांगत बसू नकोस." तू पुढची ताटली पुसायला घेतलीस. चांगल्या घरची बाई तोंड मिटून ठेवते, हे मला शिकवलं गेलं, मी तुला शिकवलं आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. मी मूर्ख होते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, तेव्हा नीट वाच.

आता का लिहिते ते. कडकड नसताना तुझ्या शेवटच्या वाक्याआधी काय आहे ते ऐकू येतं. तुझ्या अगदी मागे नबील हळू आवाजात म्हणतो, "तिला सांग, ऐकू येत नाही." तू ते जसंच्या तसं मला सांगतेस. मग तुला वाटतं फोन बंद झाला, पण तो दोन-तीन सेकंद चालू आहे. त्यात तू म्हणतेस, "मी काहीच बोलले नाही तिला, शपथ," आणि मग एक आवाज आहे. एकच, फट्‌कन. वार्तान चटकन उठला, तार दाबून पाहिली, म्हणाला एखादी कडकड राहिली वाटतं. पुन्हा लावलं. आवाज त्याच जागी. तिसऱ्यांदा लावलं आणि मग त्याने माझ्याकडे न बघता त्याची हत्यारं पेटीत भरली. हे पत्र एमिली नातीच्या बाप्तिस्म्याला तुमच्या शहरात, तिच्या मुलाकडे येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. शनिवारी, ५ डिसेंबरला, तिच्या सुनेकडे बायका बाप्तिस्म्यात वाटायच्या साखरबदामाच्या पुड्या बांधायला जमतील. तुला पाठवायला नबीलने होकार दिलाय, कारण एमिलीच्या मुलाने त्याला चारचौघांत विचारलं. त्या खोलीत पुरुष फिरकत नाहीत. वाचून झालं की पत्र एमिलीलाच परत दे, घरी नेऊ नकोस. फोनवर मला काही सांगू नकोस, तुझ्या आवाजावर माझा आता विश्वास नाही. मला तुझ्या हातचं लिहिलेलं हवं, दोन ओळी पुरेत: घरात राहणं सुरक्षित आहे की नाही, आणि मी येऊ की एमिलीच्या मुलाने तुला आधीच तिथून हलवावं. तो तयार आहे, त्याला मी सगळं सांगितलंय. हो, घरातलं बाहेर सांगितलं. माझा व्हिसा मार्चपर्यंत चालतो आणि दहा डिसेंबरचं तिकीट माझ्या टेबलावर आहे. तुझं लेखी उत्तर एमिलीच्या हातात बुधवार, ९ डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत पडलं पाहिजे. पडलं नाही, तर तेच उत्तर समजून मी निघेन.

तुझीच,
ममा