जमिनीवर चार घरं

किर्स्टी आत्या,

दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या देवमाशांच्या कारखान्यातून लिहितोय. काल आम्हाला सीलच्या शिकारीला नेलं. मुकादम गुटॉर्म नॉर्वेचा. माझं नाव पुकारून तो हसला, "मॅककॉड्रम? मॅक म्हणजे पोरगा, कॉड्रम म्हणजे गुटॉर्म. गुटॉर्मचा पोरगा! आमचंच नाव बोटीत बसून तुमच्या उइस्ट बेटावर गेलं. तू माझाच निघालास की रे! धर सोटा."

धुकं होतं. वाळूवर सील पसरलेले, मऊ, पेंगुळलेले. एकाने डोळे उघडले आणि मला तुझाच आवाज आला, "आपल्या आडनावाची जमिनीवर चारच घरं, बाकी सगळी पाण्यात. सीलवर हात उगारायचा नाही." इथल्या माणसांत मी एकटाच मॅककॉड्रम, आणि किनाराभर बघावं तिकडे आपलीच माणसं आडवी झालेली.

सोटा हातातून गळाला की मी टाकला, आठवत नाही.

"मार की! नाहीतर पुढच्या जहाजाने घरी जाशील," गुटॉर्म ओरडला. "भाऊबंद लागतात का तुझे?"

"हो," मी म्हणालो. सगळे खदखदून हसले. तो सील माझ्याकडे बघत राहिला, मग सावकाश पाण्यात शिरला.

टपालाचं जहाज एकच, आणि त्यातूनच मला परत धाडताहेत. म्हणून पत्र खिशातूनच आणतोय, तुझ्या हातीच देईन. स्वतःची होडी घेण्यापुरतं कमवूनच येईन म्हणालो होतो. रिकाम्या हाताने येतोय. शेजारणी विचारतील, एवढ्या लांब जाऊन पोराने केलं काय? सांग, पाण्यातल्या घरच्यांना भेटून आला.

तुझा,
रोरी मॅककॉड्रम